रोजच्या कामाचा घडीचा चाकू

(वैशाली नगर, भिलाई येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय लहान आहे आणि तो मी मागून घेतला आहे. खिशात मावणारा, पाते मुठीत मिटणारा, रोजच्या कामाचा चाकू कसा निवडावा, एवढेच मला सांगायचे आहे. पार्सलची सुतळी, वायरचे आवरण, मुलांच्या पेन्सिली, फळे, खताची गोणी, कुंडीतली वाळकी फांदी. दिवसभरात कापायच्या गोष्टी काही कमी नसतात. त्यासाठी आपण काय वापरतो? दात, घराची किल्ली, नाहीतर तो स्वस्तातला कटर, ज्याचे टोक बोथट झाले की मोडून फेकायचे. ज्या गावात ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, ज्या गावातून १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो, तिथल्या माणसांच्या खिशात पोलादाचे हे साधे अवजार असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. चाकू घेताना दुकानातली धार पाहून भुलू नका. ती धार कारखान्याने लावलेली असते आणि वापरात जाणारच. गेलेली धार घरच्या दगडावर, आपल्याच हाताने परत आणता येईल का, हे पाहा. पोलाद कोणते, पाते केवढे, मूठ कशाची, हे बाकीचे प्रश्न त्यामागून येतात.

हे अवजार आपल्याकडे परके नाही. मोडी बोरूने लिहिली जात होती तेव्हा लिहिणाऱ्याजवळ कलमतराश असे, म्हणजे बोरू तासायचा लहान चाकू. बोरूचे टोक तिरपे छाटायचे, मधोमध चीर द्यायची, आणि लिहून लिहून ते झिजले की पुन्हा तासायचे. चाकू बोथट असला तर चीर वाकडी जाते आणि अक्षर बिघडते. म्हणून ज्याला अक्षर सांभाळायचे, त्याला धारही सांभाळावी लागे. दप्तरातला कारकून आणि दगडावर पाते घासणारा माणूस हे दोघे तेव्हा वेगळे नव्हते.

आजही हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे विदर्भात आहेत. अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातले शेंदुरजना घाट संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी ओळखले जाते. नागपुरी संत्र्याचे झाड बियांपासून वाढवत नाहीत. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. काम करणारा माणूस रोपापुढे उकिडवा बसतो. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या खोडावर, जमिनीपासून वीतभर उंचीला, इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा छेद देतो. छेद फक्त सालीतून जायला हवा, आतल्या लाकडात शिरता कामा नये. मग संत्र्याच्या निवडलेल्या झाडाच्या काडीवरून इंचभर लांबीची साल डोळ्यासकट एका ओढीत काढतो, ती त्या छेदात सरकवतो आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतो. साल काढताना पाते अडखळले, तर साल चेपते, कापलेला पृष्ठभाग खडबडीत होतो आणि डोळा सुकतो. हे काम करणाऱ्याचा चाकू पाहिला तर कोणतीही शोभा दिसत नाही: लहान सरळ पाते, हाताला बसलेली मूठ, मागे कमान. पण धार अशी की मनगटावरचे केस जावेत. असल्या माणसाला चाकू निवडायला शिकवावे लागत नाही. आपण त्याच्याकडून शिकावे.

आता पोलाद. पोलादाच्या गावातल्या तुम्हा मंडळींना हे सांगणे धाडसाचे आहे, पण सांगतो. बांधकामाच्या प्लेटमध्ये कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. तिचे पाते केले तर धार टिकणारच नाही, कारण ती कडक करताच येत नाही. रुळात तो ०.६ ते ०.८ टक्के. चाकूच्या साध्या कार्बन पोलादात ०.९ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडचा लोहार ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचे पाते करतो, त्यात साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो. त्या पात्याला नीट पाणी दिले असेल आणि नंतर मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढला असेल, तर ते उत्तम काम देते. घाईत दिलेले पाणी मात्र पात्याचा घात करते: कडक राहिले तर धारेचे तुकडे उडतात, मऊ राहिले तर धार वळते. चांगल्या घडीच्या चाकूची कठीणता रॉकवेल सी मापावर ५५ ते ५८ असते. ६२ किंवा ६४ चे आकडे सांगणारे महागडे चाकूही मिळतात. त्यांची धार टिकते खूप, पण गेली की साध्या दगडाला दाद देत नाही. रोजच्या कामाला ५६ पुरे.

स्टेनलेस घ्यावे की साधे? स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहजी गंजत नाही. जो माणूस फळे कापून चाकू तसाच खिशात टाकतो, त्याने स्टेनलेस घ्यावे. बाकीच्यांना मी साधे कार्बन पोलादच सुचवतो, कारण ते दगडावर लवकर धार घेते. लिंबू कापले की ते काळे पडते. तो काळेपणा राहू द्या, तो गंज नव्हे. तांबूस डाग दिसला तर मात्र लगेच पुसा. पावसाळ्यात बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा. त्याच चाकूने खायचे पदार्थ कापत असाल तर खोबरेल चालेल. जवसाचे तेल नको, ते वाळून चिकट होते.

पाते मिटते कसे, हे दुकानात स्वतः पाहा. सगळ्यात सोपी जात म्हणजे नुसत्या घर्षणावर उघडे राहणारे पाते. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी तसा आहे: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पात्याला मागे एक शेपटी, उघडल्यावर तिच्यावर अंगठा ठेवायचा. पिढ्यान्पिढ्या जपानी शाळकरी मुलांनी त्याने पेन्सिली तासल्या. १९६० च्या सुमारास मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम झाली आणि मग तो दप्तरांतून गेला. आज तो खराखुरा बनवणारे एकच घराणे उरले आहे. दुसरी जात फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातल्या ओपिनेलची. १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलने तो शेतकऱ्यांसाठी केला, आणि १९५५ पासून त्याच्या मानेवर फिरणारे कडे आले. कडे फिरवले की पाते अडकते. तिसरी जात कमानीची. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते, ती पात्याला उघडे आणि मिटलेले धरून ठेवते. यात कुलूप नसते. म्हणून कमानीच्या चाकूने भोके पाडायची नाहीत, टोक दाबायचे नाही, कापताना जोर नेहमी धारेच्या दिशेनेच द्यायचा. नाहीतर पाते बोटावर मिटते.

निवडताना चाकू उघडून उजेडासमोर धरा. कमान आणि पात्याचे बूड यांत फट दिसली तर ठेवून द्या. पाते डावी-उजवीकडे हलवून पाहा, डुलत असेल तर खिळा सैल आहे. मिटल्यावर पात्याचे टोक मुठीत पूर्ण बुडायला हवे, नाहीतर ते खिसा आणि मांडी दोन्ही फाडील. मिटलेले पाते आत कमानीवर आपटत नाही ना, तेही पाहा. आपटत असेल तर धारेला तिथे रोज खाच पडेल. पाते सहा ते आठ सेंटीमीटरचे असावे. त्याहून मोठे लागते ती कामे घरात विळीची, आणि शेजारच्या छत्तीसगढी घरात पहसुलची आहेत.

लांबीवरून रामपूरचे बोलणे आले. तिथल्या कारागिरांनी नऊ ते बारा इंची पात्याचे, अप्रतिम कारागिरीचे चाकू केले आणि हिंदी चित्रपटांनी ते खलनायकाच्या हाती दिले. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली आणि कारखाने ओस पडत गेले. २०२३ मध्ये रामपुरात वीस फुटी चाकूचे स्मारक उभे राहिले. मला वाईट याचे वाटते की त्या एका प्रतिमेने खिशातल्या साध्या चाकूचीही अब्रू घेतली. कायदा मात्र फरक ओळखतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या यादीत येते, आणि घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. दिल्लीसारख्या ठिकाणी बटनाचे आणि गरारीचे, म्हणजे यांत्रिक खटक्याने उघडणारे, चाकू त्याहून कितीतरी लहान मापालाच अडतात. म्हणून बटनाचा चाकू घेऊच नका, रोजच्या कामात त्याचा उपयोगही नाही. विमानात जाताना चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो सामानात द्यावा.

शेवटी धार, ज्यासाठी हे सारे. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड घ्या, एक बाजू जाड, एक बारीक. तो पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पाते दीड सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साडेचार मिलिमीटरच्या आसपास उचला, म्हणजे सतरा अंशांचा कोन होतो. पहिल्यांदा धारेवर स्केचपेनची काळी रेघ ओढा. दोन हात घासून पाहा: शाई फक्त वरून गेली तर पाठ थोडी उचला, फक्त कडेवरून गेली तर थोडी खाली घ्या. बुडापासून टोकापर्यंत एकाच बाजूने घासत राहा, पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. ती अख्ख्या लांबीला लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात असे मी टूलरूममध्ये पाहत आलो. मग दुसरी बाजू, मग बारीक दगडावर हलक्या हाताने एकेक ओढ, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून पाते ओढायचे. कसोटी वर्तमानपत्राच्या कागदाची. कागद न अडकता कापला गेला की झाले. जिथे अडकला तिथे धारेत अजून खाच आहे.

मुलांच्या हाती चाकू द्यावा का, असे मला नेहमी विचारतात. द्यावा, पण दगड आधी द्यावा. जे मूल शेजारी बसून धार लावायला शिकले आहे त्याला धार काय करते हे ठाऊक असते. आधी मोठ्यांसमोर पेन्सिल, मग सुतळी, मग फळ. मिटताना बोटे पात्याच्या वाटेत येऊ द्यायची नाहीत, आणि कुणाला द्यायचा तर मिटूनच द्यायचा.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखला आहे. मागच्या टेबलावर तीन दगड भिजत घातले आहेत. ज्यांनी घरचे बोथट चाकू आणले असतील त्यांनी पुढे यावे, आधी प्रत्येकाच्या पात्याची कमान आणि खिळा पाहू, मग दगडाकडे वळू.