कृत्रिम बुद्धिमत्ता : वापर आणि उधळपट्टी

(पालक मेळाव्यातील भाषण)



अलीकडे निबंधाच्या वह्या तपासताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. 'माझी आई' या विषयावर तीस मुलांच्या तीस माता अगदी एकसारख्या! एकीचीही आई कधी रागावत नाही. हे निबंध कोणी लिहिले ते ओळखायला फार हुशारी लागत नाही. यामुळे मुलांच्या लेखनाचे काय होते, यावर पुष्कळ बोलले जाते. मी आज या सवयीला लागणारी वीज आणि पाणी यांकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

प्रश्न आपण मोबाईलवर विचारतो, पण उत्तर तयार होते ते दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. तेथे हजारो संगणक अहोरात्र चालतात आणि तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी अनेक ठिकाणी पाणी वापरतात. त्यातले बरेचसे वाफ होऊन उडून जाते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील अशा केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या जवळपास दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाईल असे ही संस्था म्हणते. यात बँकांचे व्यवहार आणि रेल्वेची तिकिटेही आली. परंतु वाढीला मुख्य जोर कृत्रिम बुद्धिमत्तेचाच आहे.

कुणी म्हणेल, माझ्या एका प्रश्नाने असे काय बिघडते? खरे सांगायचे तर फारसे नाही. गूगल कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये आपला हिशेब जाहीर केला. त्यानुसार एका साध्या लेखी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि पाण्याचे सुमारे पाच थेंब लागतात. नऊ वॅटचा दिवा दीड मिनिट जाळण्याइतकी ही वीज. अर्थात हिशेब कंपनीचाच! त्यात यंत्राला शिकविण्याचा खर्च नाही, वीजकेंद्रात लागणारे पाणीही नाही. शिवाय चित्रफीत बनवायला सांगितली की खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

थेंबांचे तळे कसे होते, ते अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या द डॅल्स या छोट्या शहराने पाहिले. तेथे २००६ पासून गूगलची केंद्रे आहेत. ती किती पाणी घेतात, असे एका वृत्तपत्राने विचारले, तर खुद्द नगरपालिकाच ती माहिती गुप्त राखण्यासाठी कोर्टात गेली. वर्षभराहून अधिक काळ वाद चालला आणि डिसेंबर २०२२ मध्ये आकडे बाहेर आले. २०२१ साली शहराच्या एकूण पाण्यापैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी या केंद्रांनी घेतले होते. पाच वर्षांत त्यांचा वापर जवळजवळ तिप्पट झाला होता. लक्षात घ्या, आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तेव्हा यायची होती.

आपल्याकडे ऐरोली, रबाळे, महापे या भागांत अशी केंद्रे उभी आहेत. आपल्यापैकी काहींची मुले उद्या तेथे नोकरीलाही लागतील. त्याला माझा विरोध नाही. पण ती किती पाणी घेतात, वीज कोळशाची की सूर्याची, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे. द डॅल्सचे आकडे कुणीतरी विचारले म्हणूनच कळले.

आणि घरात? भौतिकशास्त्रातले अवघड प्रकरण रात्री समजावून सांगायला कुणी नसेल, तर मुलाने यंत्राला जरूर विचारावे. अंध विद्यार्थ्याला पान वाचून दाखवणारे हे साधन मला मोलाचे वाटते. पण सतरा सक किती, हे विचारायला डेटा सेंटर कशाला? ईदच्या शुभेच्छांसाठी दहा-दहा चित्रे बनवून नऊ फेकून देणे, ही तर सरळ उधळपट्टी झाली. दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहून पाठवल्या तर घेणाऱ्यालाही अधिक आनंद होईल, असे मला वाटते.

या सत्रापासून नववीच्या वर्गात आम्ही एक पद्धत सुरू करीत आहोत. विद्यार्थ्याने उत्तर आधी वहीत लिहावे, अडले तेथे खूण करावी आणि यंत्राला फक्त त्या खुणेपुरते विचारावे. विचारलेला प्रश्नही वहीतच लिहावा. पालकांनी रविवारी ती वही एकदा चाळून सही करावी, एवढी विनंती आहे.