संघ कोणाचा?
(महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या बेळगाव भागात दोन प्रकारचे गट चालतात. दोन्हींना आपण ‘संघ’च म्हणतो आणि फसगत तिथेच होते.

पहिला बचत गटाचा. दहा-वीस जणी नियमाने बैठक घेतात, बचत करतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात, वेळेवर फेडतात आणि हिशेब लिहितात. व्याज गटातच राहते. कर्नाटकात ‘मायराडा’ संस्थेने १९८०च्या दशकात असे गट उभे केले. पुढे १९९२ साली ‘नाबार्ड’ने असे ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. बाईची पत तिच्या वहीवरून ठरू लागली, ही मोठी गोष्ट झाली.

दुसरा गट फक्त कर्जापुरता. त्यात ना बचत, ना स्वतःची वही. एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनी भरायचा. मग शेजारीणच दारात तगाद्याला उभी राहते. अब्रूपायी ती बाई दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते. याच चक्रातून २०१० साली आंध्र प्रदेशात आत्महत्यांपर्यंत मजल गेली आणि सरकारला अध्यादेश काढावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीच वेळ कर्नाटकावर आली.

कर्ज घेऊच नका, असे मी म्हणणार नाही. अडीनडीला पैसा लागतोच. पण हक्क माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे सूक्ष्म कर्ज विनातारण द्यायचे असते. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर वसुलीला येता येत नाही. आणि कर्जाचे माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते.

सरकारी परिपत्रके मराठीतून मिळावीत म्हणून आपण वर्षानुवर्षे झगडतो. मग आपल्या घरातली बाई न कळणाऱ्या कागदावर सही करते, तेव्हा गप्प का बसतो? मराठीत कागद मागा. वाचून झाल्यावरच सही करा.

शेवटी एक विनंती. गल्लीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक संध्याकाळ बचत गटाच्या वहीसाठी द्यावी. ज्या संघाची वही आपल्या हाती, तोच आपला संघ.