पायाच्या दगडाची पाळी



विक्रमाची बातमी येते तेव्हा छायाचित्र एकाच व्यक्तीचे असते. ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या चौकटीबाहेर कोण उभे होते, हे जाणल्याशिवाय विक्रमाचे मर्म कळत नाही.

अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वतराजीतून चौदा राज्ये ओलांडणारी, सुमारे ३,५०० किलोमीटरची एक पायवाट आहे. तिच्यावरील सारे चढ एकत्र केले, तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळा चढल्याइतके भरतात. ही वाट अल्पावधीत पार करणे म्हणजे दीड महिना रोज एक डोंगरी अल्ट्रामॅरेथॉन!

२०११ साली जेनिफर फार डेव्हिस यांनी ती मुख्यतः चालत ४६ दिवस, ११ तास, २० मिनिटांत पूर्ण केली. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत नडग्यांच्या वेदना, आजारपण आणि गारठा यांनी त्या खचल्या; माघार घेण्याचे त्यांनी पतीला सांगितले. ब्रू डेव्हिस रागावले नाहीत की त्यांनी उपदेशही केला नाही. सोडायचे तर खुशाल सोड, पण आज नको. आधी खा, औषध घे, एवढेच त्यांनी समजावले. त्या पुढे निघाल्या.

२०१५ साली स्कॉट ज्युरेक हे शाकाहारी धावपटू त्याच वाटेवर उतरले. पहिल्याच आठवड्यात पाय दुखावला. पत्नी जेनी गाडी हाकीत, रस्ता जिथे पायवाटेला छेदतो तिथे अन्नपाणी घेऊन उभ्या राहत. वेळ लागला ४६ दिवस, ८ तास, ७ मिनिटे. जुन्या विक्रमाहून फरक केवळ ३ तास, १३ मिनिटांचा! एखादा चुकलेला फाटा, वेळेवर न पोहोचलेले जेवण एवढा अवधी सहज गिळून टाकते. पुढे २०२४ मध्ये टारा डावर यांनी ४० दिवस, १८ तास, ६ मिनिटांत ही वाट पार केली. त्यांच्या साहाय्यकांत त्यांची आई होती.

पती, पत्नी, आई. पाश्चात्त्य समाज व्यक्तिवादी, असे आपण सहज म्हणून जातो आणि आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो. तो रास्तच आहे. परंतु अभिमानाबरोबर आत्मपरीक्षणही हवे. मुलाच्या दहावीसाठी आपले सारे घर पहाटे जागे होते. तेच घर, सूनबाई पहाटे टेकडीवर धावायला निघाली, तर तिच्यासाठी चहाचे आधण ठेवते काय? तिच्या परतण्यापर्यंत नातवंडांना कोण सांभाळते?

मंदिराचा कळस सर्वांना दिसतो, पायाचा दगड दिसत नाही. प्रसिद्धिपराङ्मुख राहून पायात गाडून घेण्याचे मोल आपण जाणतो. मात्र घरात तो दगड नेहमी एकाच व्यक्तीने व्हावे, याला त्याग म्हणत नाहीत. ती केवळ सवय असते. सहधर्म म्हणजे ही पाळी आळीपाळीने, आनंदाने स्वीकारणे. ज्या घरात प्रत्येकाला एकदा कळस होता येते, तेच घर खऱ्या अर्थाने समाजाचा पाया होते.