बीड ते जर्मनी: "बघू" म्हणजे हो का नाही?

आजचा विषय आहे परदेशातल्या रीतीभाती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि तेव्हापासून आपल्याकडची पोरं जर्मन भाषेच्या क्लासचं विचारायला लागली. भाषा तर लागतेच. पण भाषेच्या पलीकडचं बरंच काही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

सगळ्यात आधी तो आपला लाडका शब्द, "बघू". आपल्याकडं कुणी लग्नाला बोलावलं आणि जमणार नसलं, तरी तोंडावर नाही म्हणत नाही आपण. "बघू, जमवतो" म्हणतो. समोरच्याला बरोब्बर कळतं. मी सॉफ्टवेअरवाला, जर्मन टीमसोबत रोजचं काम. तिकडं "शुक्रवारपर्यंत होईल" म्हणालात की ते कॅलेंडरवर चढतं. होणार नसेल तर सोमवारीच सांगा, कुणी रागवत नाही. गुरुवारी रात्री सांगितलं, तर मात्र तुमच्या पुढच्या प्रत्येक "हो"वर शंका येते. नव्या नोकरीत बहुतेक वेळा पहिले सहा महिने चाचणीचे असतात आणि व्हिसा नोकरीवर टिकलेला. म्हणून हा शब्द महागात पडतो.

उलट बाजूही ऐका. "हे चुकीचं आहे," असं ते सरळ तोंडावर म्हणतात. तो अपमान नसतो. ते कामाबद्दल बोलतात, तुमच्याबद्दल नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याला सोपी जाते. इंग्रजीत सगळ्यांना एकच "यू". जर्मनमध्ये "झी" आणि "डू", म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. अनोळखी माणसाला, ऑफिसातल्या बाईंना "झी" म्हणायचं. मोठ्या माणसानं स्वतःहून "डू म्हण" असं सांगितलं की मग अरे-तुरे. हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं.

आता शेजारपाजार. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद, म्हणून भाजी, दूध शनिवारीच आणायचं. रविवारी ड्रिल मशीन चालवलीत की शेजारी दार वाजवणारच. पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. रस्ता मोकळा असला तरी चालणाऱ्यांचा लाल दिवा पाळायचा, नाहीतर ५ युरो दंड. घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाचा कागद लागतो, तो पहिल्याच दिवशी मागून घ्या.

आणि हो, "पगार किती? लग्न झालं का?" हे आपले प्रेमाचे प्रश्न. तिकडं नव्या ओळखीत ते विचारत नाहीत. न सांगता कुणाच्या घरीही जात नाहीत. त्यामुळं पहिल्या थंडीत एकटं वाटतं. लोक वाईट म्हणून नाही, दार उघडायची पद्धत वेगळी म्हणून. तिथं गावोगावी क्लब असतात, फुटबॉलचे, गाण्याचे, डोंगर चढायचे. एखाद्यात नाव घाला, ओळखी तिथूनच होतात.

शेवटी एक सांगतो. "आपण खेड्यातली, आपल्याला जमेल का?" असं खूप जण विचारतात. अरे, आपल्या जिल्ह्यातले लाखो लोक दरवर्षी कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथली बोली वेगळी, माणसं वेगळी, पाच-सहा महिने पालावर काढायचे. कुणाशी कसं बोलायचं, कुठं गप्प राहायचं, हे त्यांनी कुठल्या क्लासात शिकलं? बघून बघून शिकले, आणि ते पोटासाठी, नाइलाजानं. आपण निवडून चाललोय, हातात फोन घेऊन. मग आपल्याला का जमू नये?

तर जाण्याआधी एवढं करा: आजपासून महिनाभर "बघू" म्हणणं बंद. हो तर हो, नाही तर नाही. घरचे चिडतील थोडे, पण सवय होईल. एपिसोड कामाचा वाटला तर व्हिसाची फाईल भरणाऱ्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!