दिलेला शब्द आणि उभी राहणारी वास्तू
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वलगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बांधकाम समितीच्या वतीने चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस संकोच वाटला. मुलींच्या वसतिगृहात गतवर्षीच्या जून महिन्यात मुली राहावयास येतील, असे ह्याच व्यासपीठावरून आम्ही जाहीर केले होते. आज वास्तूचा स्लॅब झाला आहे, भिंतीही उभ्या आहेत; परंतु दारे-खिडक्या नाहीत, नळ नाहीत, वीज नाही. आमच्या शब्दावर विसंबून चार कुटुंबांनी आपल्या मुलींचे प्रवेश अमरावतीस घेतले होते. तिघींच्या वडिलांनी ऐपत नसता भाड्याच्या खोल्या घेतल्या. चौथी मुलगी गावी परत गेली व तिचे एक वर्ष बुडाले. ते वर्ष मंडळाच्या कोणत्याही ठरावाने परत येणार नाही. म्हणून आज आम्ही नवी तारीख सांगावयास आलो नसून, जुनी तारीख का चुकली हे सांगावयास आलो आहो.

हे सांगण्यास वलगावसारखे दुसरे स्थान नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी श्रीसंत गाडगेबाबांनी ह्याच गावाजवळ, पेढी नदीपाशी, देह ठेवला. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे घाट, आणि पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा त्यांनी लोकांच्या पैशातून उभ्या केल्या. स्वतःच्या पैशाने घर बांधणारा उशिराबद्दल स्वतःपुरताच जबाबदार असतो. लोकांनी दिलेल्या पैशातून बांधणाऱ्याला मात्र प्रत्येक दिवसाचा जाब द्यावा लागतो.

गेल्या बैठकीत एका सभासदांनी आम्हांस विचारले, "अमरावती-अकोला रस्ता पाच दिवसांत होतो, आणि तुमच्या बारा खोल्या दोन वर्षांत होत नाहीत?" प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता. ह्या राष्ट्रीय महामार्गावर ३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरी थर घालण्यास आरंभ झाला आणि ७ जून रोजी सायंकाळी ५ वाजता एकपदरी ७५ किलोमीटरांचा सलग थर पूर्ण झाला. काळ लागला १०५ तास ३३ मिनिटे. गिनीज बुकात त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा येथील होता. तेथे २०१९ साली २५ किलोमीटरांहून किंचित अधिक रस्त्यास दहा दिवस लागले होते. आपल्याकडे ७२० माणसे रात्रंदिवस राबली आणि ३६,६३४ टन मिश्रण अंथरले गेले. हिशेब केला तर दर तासाला सुमारे ३४७ टन!

हे मिश्रण गरम असतानाच अंथरून दाबावे लागते. गिट्टी, डांबर, गाड्या, रोलर, माणसे ह्यांपैकी एक जरी वेळेवर नसेल, तर ही साखळी तुटते. म्हणजे त्या पाच दिवसांचे यश पहिल्या दिवशीच्या पहाटेपूर्वी झालेल्या तयारीत होते. हेही विसरू नये की, त्याच मार्गाचे चौपदरीकरण त्यापूर्वी कित्येक वर्षे रखडले होते. रस्ता तोच, माती तीच, ऊनही तेच. तेव्हा वेगाचे मर्म घाईत नाही, तयारीत आहे.

आता आमच्या चुका ऐका. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल लागेल हे आधी खड्डा घेऊन पाहिले नाही, आणि खोदाई मे महिन्याच्या अखेरीस सुरू केली. चर पावसाच्या पाण्याने भरले. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपल्यापासून दूर नाही. खाऱ्या पाण्याने काँक्रीटमधील सळई गंजते हे ठाऊक असूनही विंधन विहिरीचे पाणी तपासून घेण्याचे काम आम्ही कोणाकडेच दिले नव्हते. मेळघाटातील मजूर होळीला आपल्या गावी जातात, हे लहान मूलही जाणते. आमच्या वेळापत्रकात मात्र होळी नव्हती.

वेळापत्रक सुबक होते. रंगीत कागदावर होते. पण ते गवंड्याला, सेंट्रिंगवाल्याला, सळई बांधणाऱ्याला आणि नळवाल्याला विचारून केलेले नव्हते.

येथे थोडे गणित सांगतो. एका दिवसाच्या कामासाठी पाच जणांनी आपापला शब्द पाळावयाचा आहे, असे समजा. प्रत्येक जण भला माणूस आहे. दहांपैकी आठ वेळा शब्द पाळतो. तरी पाचही जणांचा शब्द एकाच दिवशी खरा होण्याचा योग तीन दिवसांत जेमतेम एकदा येतो. कोणीही लबाड नसताना काम रखडते ते असे. आपण मात्र लबाड कोण हे शोधीत बसतो.

अमेरिकेत ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेगरी हॉवेल ह्या दोघांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस बांधकामांच्या आठवडी नियोजनाचा अभ्यास केला. चालू आठवड्यात करावयाची म्हणून ठरविलेल्या कामांपैकी सरासरीने जेमतेम निम्मी पार पडत, असे त्यांना आढळले. श्रीमंत देशातही हीच गत! त्यावर त्यांनी जी रीत घालून दिली, ती 'लास्ट प्लॅनर' ह्या नावाने ओळखली जाते. काम प्रत्यक्ष करवून घेणारा मुकादम हाच शेवटचा नियोजक होय. त्याने होकार दिल्यावाचून काम ठरले असे मानू नये, हे तिचे सार.

दिवाळीनंतर आम्ही ही रीत आपल्या जागेवर लावली. दर रविवारी सकाळी सर्व कारागीर चहास जमतात. फळ्यावर तीन रकाने आहेत: काय ठरले, काय झाले, का झाले नाही. काम ठरविण्यापूर्वी विचारतो: नकाशा हाती आहे काय? माल जागेवर आहे काय? माणसे आहेत काय? आधीचे काम संपले आहे काय? पाणी व पैसा आहे काय? एकाही प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले, तर ते काम त्या आठवड्यात लिहावयाचे नाही. पहिल्या रविवारी दहा कामे लिहिली. त्यांतील चार झाली. मागील रविवारी नऊ लिहिली, सात झाली. कोणी म्हणेल, थोडीच कामे लिहिली की फळा चांगला दिसतो. ती पळवाट बंद करण्यासाठी पुढील सहा आठवड्यांची कामेही समोर मांडतो आणि त्यांतील अडथळे आजच कोणाच्या तरी नावावर टाकतो.

सर्वांत कठीण गेले ते 'नाही' म्हणणे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी विचारले की कारागीर नम्रपणे म्हणतो, "होऊन जाईन भाऊ!" आम्हीही तेच ऐकू इच्छीत होतो. पहिल्यांदा एका तरुण गवंड्याने भर बैठकीत "ह्या आठवड्यात जमणार नाही" असे सांगितले, तेव्हा आमच्यातील काहींना तो उद्धटपणा वाटला. वस्तुतः त्या दिवशी तोच आमचा खरा हितचिंतक होता. त्याच्या नकारामुळे चौकटींचा माल चार दिवस आधी मागविता आला.

उशिराची किंमत केवळ आपणच मोजतो असे नाही. विदर्भातील गोसीखुर्द धरणाचा अंदाज १९८३ साली ३७२ कोटी रुपयांचा होता. तो पुढे अठरा हजार कोटींच्याही वर गेला. तेथील प्रश्न मोठे आणि निराळे आहेत. शासनाला त्याची तजवीज करावी लागते. आपल्या मंडळाजवळ कापसाचे पैसे आल्यावर घरटी दिलेल्या वर्गणीखेरीज दुसरी तिजोरी नाही.

म्हणून आज उद्घाटनाची तारीख सांगत नाही. लागोपाठ आठ आठवडे ठरलेल्या दहा कामांपैकी आठ पार पडू लागतील, तेव्हा कारागिरांना विचारूनच तारीख जाहीर करू. तोवर आपल्याकडे एकच मागणे आहे. वर्गणीचा हप्ता कोणत्या महिन्यात देणार, ते खरे सांगा. जमत नसेल तर 'नाही' म्हणा. आम्ही वाईट मानणार नाही. तुमच्या होकारावर आम्ही सळई मागवितो, सळईवर कारागीर दिवस ठरवितो, आणि त्या दिवसावर एखादी मुलगी आपला प्रवेश ठरविते.

ती मुलगी पुढील जून महिन्यात पुन्हा अर्ज करणार आहे, असे तिच्या वडिलांनी कळविले आहे. ह्या वेळी आम्ही तिला तारखेऐवजी फळा दाखविला. तिने तिन्ही रकाने वाचले आणि विचारले, "पुढच्या रविवारी मीही येऊ का?" तिला आम्ही 'ये' म्हणून सांगितले आहे. आपणही यावे, अशी विनंती करून आपली रजा घेतो.