ढगातल्या रानाची शिवारफेरी

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिवारफेरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे विद्यापीठाचे प्रक्षेत्र येते. वाणांच्या पाट्या, आखलेले वाफे आणि पुढे चालत माहिती सांगणारा आमच्यासारखा एखादा प्राध्यापक. आज मी तुम्हाला वेगळ्या शिवारात नेणार आहे. तिथे नांगर चालत नाही, खताची गोणी जात नाही, तरी जमिनीचा कस टिकून आहे. हे शिवार म्हणजे भीमाशंकरचे रान. तुमच्यापैकी बरेच जण दर्शनासाठी तिथे गेले असतील. पायऱ्या उतरून देवळात जायचे, दर्शन घ्यायचे आणि पायऱ्या चढून परतीची गाडी धरायची, एवढीच आपली भीमाशंकरची ओळख. रान मात्र तिथून पुढे सुरू होते.

मी कृषिविद्या शिकवते. तण, खत आणि पाणी हे माझे विषय. जंगल हा नव्हे. एका ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांबरोबर या रानात पायी फिरले, तेव्हा माझ्याच विषयाचा एक धडा मला नव्याने शिकावा लागला. तो तुमच्यापुढे ठेवते.

ढगातले रान म्हणजे काय?

अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढू लागतात. उंचीबरोबर हवा थंड होते. दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी. बाष्पाचे थेंब बनतात आणि डोंगरमाथा ढगात बुडतो. खालून पाहणाऱ्याला तो ढग दिसतो, आत उभे राहणाऱ्याला धुके. जगात काही डोंगरांवर असे धुके जवळजवळ वर्षभर असते. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशातले माँटेव्हर्दे हे अशा रानाचे प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे ढगांचा मुक्काम पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता असतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात. म्हणून भीमाशंकरचे रान माँटेव्हर्देसारखे नाही. पण चार महिन्यांत आलेले पाणी पुढच्या कोरड्या महिन्यांसाठी राखायचे, हे काम आपल्या रानाला जास्त करावे लागते, हेही ध्यानात घ्या.

वाटाड्याबरोबर

आमचे वाटाडे महादेव कोळी समाजातले एक वयस्कर भातशेतकरी होते. आम्ही त्यांना बाबा म्हणत होतो. निघण्यापूर्वीच त्यांनी बजावले, "वाट सोडायची नाही, आरडाओरड करायची नाही, आणि जे बरोबर आणलंय ते सगळं परत न्यायचं." त्यांच्या हातात काठी आणि डोक्यावर इरले. आमच्या छत्र्या वाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांतच उलट्या केल्या.

हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू इथे राहतो. आम्हाला तो दिसला नाही, पण उंच फांदीवर काटक्यापानांचे त्याचे घरटे बाबांनी काठीने दाखवले. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही इथली मुख्य झाडे. कड्याच्या बाजूला वाऱ्याचा मारा असल्याने झाडे बुटकी आणि वाकडी आहेत. आत गेले की तीच सरळ उंच होतात. खोडाखोडावर शेवाळ, नेचे, आमरी. तुमच्या घरच्या मसाल्यातले दगडफूलही अशाच ओलसर जागी खोडांवर आणि खडकांवर वाढते.

एका जागी बाबा थांबले. पाऊस बंद होता. मोकळ्या माळावर नुसते पांढरे धुके होते. झाडाखाली मात्र टपटप चालूच होती. प्रथम मला वाटले, पानांवर साठलेले आधीच्या सरीचे पाणी असेल. पण अर्धा तास झाला तरी टपटप थांबेना. विद्यार्थ्यांनी जेवणाचे दोन डबे रिकामे केले, एक माळावर ठेवला आणि एक झाडाखाली. माळावरचा डबा आतून फक्त ओलसर झाला. झाडाखालच्या डब्यात पाणी साचले.

याचे कारण सोपे आहे. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा बारीक असतो. तो खाली पडत नाही, वाऱ्याबरोबर वाहत जातो. वाटेत पान, काटकी, शेवाळ आले की त्याला चिकटतो. असे असंख्य थेंब एकत्र झाले की मोठा थेंब बनून खाली पडतो. हे निसर्गाचे ठिबक सिंचनच आहे. झाड ढग आणत नाही. ढग समुद्रावरून येतो. आलेल्या ढगातून झाड पाणी विंचरून घेते.

वाटेवरचे पाणी आणि रानातले पाणी

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडे धुक्यातून मिळणारे पाणी पावसाच्या मानाने थोडेच आहे. घाटमाथ्यावर पाऊसच तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. रानाचे खरे काम त्या पावसाचे काय होते, यात दिसते. ते बाबांनी आम्हाला न बोलता दाखवले.

पायवाटेवरून पाणी वाहत होते. हजारो पायांनी तुडवलेली ती वाट कडक झाली होती आणि तिच्यावरचे पाणी तांबडे, गढूळ होते. दहा पावलांवर रानातून येणारा ओहोळ होता. पाऊस तोच, उतार तोच, पण ओहोळाचे पाणी नितळ. बाबांनी त्यात हात धुतले आणि ओंजळभर पाणी प्यायले.

मी रानातल्या जमिनीत हात घातला. वर ताजी पाने, खाली अर्धवट कुजलेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती आणि तीत पांढऱ्या बुरशीचे धागे, गांडुळे, बारीक मुळ्यांचे जाळे. पावसाचा थेंब आधी पानावर फुटतो, मग पालापाचोळ्यावर पडतो, मग मातीत मुरतो. उघड्या जमिनीवर तोच थेंब सरळ आदळतो, मातीचे कण उडवतो, ते कण छिद्रांत बसतात आणि जमिनीचे तोंड बंद होते. मग पाणी मुरत नाही, माती घेऊन पळते. धुपीचा हा पाठ मी वर्गात कितीतरी वेळा शिकवला आहे. पण एका जागी उभे राहून दोन्ही पाणी डोळ्यांनी पाहिले ते त्या दिवशी प्रथम.

भीमा इथेच उगम पावते. पुढे चासकमान, मग उजनी, मग चंद्रभागा म्हणून पंढरपूर. उजनीत इतर अनेक नद्यांचेही पाणी येते, हे खरे. पण शिरूर किंवा सोलापूरकडच्या ज्या शेतकऱ्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा ऊस आणि त्याचे डाळिंब दुसऱ्याच्या डोंगरावरच्या पावसावर उभे असते. त्या डोंगरावरून निघालेली माती त्याच्याच धरणात जाऊन बसते.

बाबांचा प्रश्न

परतताना आम्ही वाडीजवळ आलो. इथे बांधावरची झाडे फांद्या छाटून नुसती खुंटासारखी उभी होती. कारण तुम्ही ओळखले असेल: राब. भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरून उन्हाळ्यात भाजतात. मी लगेच प्राध्यापकी सुरू केली. म्हटले, "बाबा, राबासाठी झाडे किती छाटली जातात बघा. राब बंद करायला हवा."

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, राब भाजला की तणाचं बी मरतं. रोप जोमानं उठतं आणि उपटताना मुळं तुटत नाहीत. बंद करतो. त्या बदल्यात काय देता?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. जे पाणी खालचे हजारो लोक वापरतात ते राखण्यासाठी वरच्या एका माणसाने आपले रोप धोक्यात घालावे, असे मी त्याला सांगत होते. फायदा एकाचा, झीज दुसऱ्याची. अशी शिफारस कोण ऐकेल? आणि का ऐकावी?

पुढच्या हंगामात आम्ही बाबांच्याच शेतावर दोन वाफे टाकले. एक राबाचा. दुसरा चारसूत्री पद्धतीचा. ही पद्धत डॉ. ना. कृ. सावंत यांनी विकसित केली आहे. या दुसऱ्या वाफ्यात पेरणीपूर्वी भाताच्या तुसाची काळी राख मिसळली. रोप ताठ आले आणि उपटायला हलके गेले. पण तण जास्त आले, हेही सांगते. एक खुरपणी वाढली आणि ती बाबांच्या सुनेने केली. त्यानंतरच्या वर्षी वळवाच्या पावसानंतर उगवलेले तण आधी मोडून मग वाफे केले, तेव्हा तो त्रास कमी झाला. बाबांनी अर्धे रोप या पद्धतीने टाकले. अर्ध्या रोपासाठी राब अजून भाजतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. अर्धी झाडे तरी वाढू लागली.

काय करावे?

घाटमाथ्यावरच्या भात उत्पादकांनी :

१) रोपासाठी गादीवाफे करावेत. दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मातीत मिसळावी. राख पांढरी होईपर्यंत तूस जाळू नये.

२) वळवाच्या पावसानंतर तण उगवू द्यावे, ते मोडून मगच पेरणी करावी.

३) बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याचा हिरवा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो या प्रमाणात चिखलणीपूर्वी आठवडाभर खाचरात पसरावा. छाटायचेच असेल तर हे झाड छाटावे. ते लवकर फुटते.

४) हिरड्याची झाडे तोडू नयेत. बाळहिरड्याचे उत्पन्न झाड उभे ठेवूनच मिळते.

मैदानावरच्या शेतकऱ्यांनी :

१) उसाचे पाचट, तूरकाट्या, धसकटे जाळू नयेत. त्यांचे आच्छादन करावे. रानाने जी जमीन राखली, ती याच रीतीने.

२) उताराला आडवी पेरणी करावी, बांधावर गवत राखावे.

३) धरणाचे पाणी मोजून वापरावे. ते फुकट आलेले नाही; वर कोणीतरी फांदी न तोडता सोडून दिली आहे.

शेवटी पुन्हा माँटेव्हर्देकडे जाते, कारण ते रान राखण्याची सुरुवात शेतकऱ्यांनी केली. १९५१ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातून क्वेकर पंथाची काही कुटुंबे तिथे गेली आणि दुधाचा धंदा करू लागली. गायींसाठी कुरणे करताना त्यांनी डोंगराच्या माथ्यावरचे पाचशेहून अधिक हेक्टर रान तोडायचे नाही, असे ठरवले. उद्देश साधा होता: आपल्या पाण्याचे मूळ राखायचे. पुढे १९७२ साली तिथे राखीव क्षेत्र झाले आणि आता जगभरातून लोक वाटाड्याबरोबर ते रान पाहायला येतात. आपल्याकडे हेच काम देवराया शतकानुशतके करत आल्या. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला तो १९७०च्या दशकात. देवराया त्याआधीपासून उभ्या होत्या.

तेव्हा येत्या पावसाळ्यात भीमाशंकरला जाल तेव्हा गावातला वाटाड्या घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या आणि अर्धा दिवस त्याच्याबरोबर चाला. वाटेवरचे पाणी पाहा, ओहोळातले पाहा. घरी आल्यावर पाऊस पडत असताना आपल्या बांधावर उभे राहा आणि आपल्या शेतातून जाणारे पाणी कोणत्या रंगाचे आहे, ते बघा. तांबडे असेल, तर आपल्या शेतातही काम बाकी आहे.