आकड्यांची कुळे

रायपूरच्या उत्तरेस उरला ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यातील एका कामगाराची नोंद आपण मनाशी कल्पू या. हजेरी क्रमांक ४१२, मातृभाषा मराठी, श्रेणी अर्धकुशल, मुले ३, वजन ५८.५ किलो, कामाच्या जागेचे तापमान ४० अंश सेल्सियस. माणसामाणसांगणिक किंवा प्रसंगानुसार बदलणाऱ्या अशा प्रत्येक गोष्टीला संख्याशास्त्रात ‘चल’ म्हणतात.

एका ओळीत बसले तरी हे चल एका कुळातले नव्हेत. हजेरी क्रमांक दिसतो आकडा, पण आहे केवळ नाव. ४१२ क्रमांकाचा कामगार २०६ क्रमांकाच्या दुप्पट ठरत नाही. मातृभाषाही नामवाचकच. अकुशल, अर्धकुशल, कुशल यांत क्रम आहे. परंतु दोन पायऱ्यांमधील अंतर सारखेच असते, असे नाही. मुले आपण मोजतो, वजन मापतो. पहिला चल खंडित, दुसरा अखंड. तापमानाची गोष्ट आणखी निराळी. सेल्सियसचे शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण, उष्णतेचा अभाव नव्हे. म्हणून ४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट उष्ण नव्हेत. नाम, क्रम, अंतर आणि गुणोत्तर ही चौपदरी विभागणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडली.

हा भेद केवळ पंडिती नाही. समजा, कारखान्यातील अपघातांना १ ते ५ अशा श्रेणी दिल्या: १ म्हणजे खरचटणे, ३ म्हणजे हाड मोडणे, ५ म्हणजे मृत्यू. एका विभागात दोघांची हाडे मोडली, सरासरी ३. दुसऱ्या विभागात एकाला खरचटले आणि एक दगावला. सरासरी पुन्हा ३! कागदावर दोन्ही विभाग सारखे झाले आणि एक मृत्यू बेरजेत दिसेनासा झाला. येथे बेरीज चुकलेली नाही. क्रमवाचक आकड्यांची बेरीज केली, हीच चूक. अशा वेळी प्रत्येक श्रेणीत किती जण, एवढेच सरळ सांगावे. मग तो एक मृत्यू वेगळा उभा राहतो आणि त्याचे कारण विचारणे भाग पडते.

म्हणून सरासरी ऐकताच आधी विचारावे, की हे आकडे कशाचे: नावाचे, क्रमाचे, की मापाचे?